ती सही करण्याआधी : नोकरीत असताना अपंगत्व आलं तर

डिस्चार्ज मिळून आठवडाही झालेला नसतो. वॉकर घरात कुठे ठेवायचा हेही अजून ठरलेलं नसतं, आणि ऑफिसातून कोणीतरी भेटायला येतं. बहुतेक वेळा चांगल्या मनानेच येतं. हातात सफरचंदांची पिशवी असते आणि पिशवीबरोबर एक टाइप केलेला कागद. "वहिनी, साहेबांनी पाठवलाय. यांची सही घेऊन ठेवा, म्हणजे पेन्शनचं लवकर मार्गी लागेल." कागदावर विषय असतो : प्रकृती अस्वास्थ्यामुळे स्वेच्छा सेवानिवृत्ती मिळणेबाबत.

नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या माणसाची नोकरी बडतर्फीच्या आदेशाने क्वचितच जाते. ती या कागदाने जाते. लोकलमधून पडून पाय गेलेला वाहक, मधुमेहाने नजर गेलेली शिक्षिका, अर्धांगवायूनंतर उजवा हात न उचलणारा लिपिक, अशांची कागदपत्रं लावून देण्याचं काम आम्ही मुंबईत करतो. कायदा त्यांच्या बाजूने भक्कम उभा आहे. फक्त तो वापरायचा काळ फार लवकर सुरू होतो, म्हणजे माणूस अजून बिछान्यावर असतो तेव्हाच.

आधी कायदा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा १९ एप्रिल २०१७ पासून लागू आहे. त्याच्या कलम २० चं चौथं पोटकलम सांगतं की सेवेत असताना ज्याला दिव्यांगत्व आलं त्या कर्मचाऱ्याला सरकारी आस्थापनेने काढायचं नाही आणि त्याचा हुद्दाही खाली आणायचा नाही. जुन्या पदाचं काम त्याला जमण्यासारखं नसेल तर त्याच वेतनश्रेणीत आणि सेवेच्या त्याच लाभांसह दुसऱ्या पदावर न्यायचं. तसं पद रिकामं नसेल तर अधिसंख्य पदावर ठेवायचं, योग्य पद मिळेपर्यंत किंवा निवृत्तीच्या वयापर्यंत, यातलं जे आधी येईल तोवर. अधिसंख्य पद म्हणजे आस्थापनेच्या मंजूर पदसंख्येबाहेरचं, त्या एका माणसापुरतं निर्माण केलेलं पद. थोडक्यात, "आमच्याकडे जागाच नाही" हे उत्तर कायद्याने आधीच काढून घेतलं आहे. ही तरतूद नवीही नाही. १९९५ च्या जुन्या कायद्यात कलम ४७ म्हणून हेच होतं, त्यामुळे जुने निकाल वाचताना कलम ४७ दिसलं तर गोंधळून जाऊ नये.

त्या निकालांपैकी दोन आम्ही प्रत्येक अर्जाला जोडतो. पहिला कुणाल सिंग विरुद्ध भारत सरकार, २००३. पाय कापावा लागलेल्या या शिपायाला सेवेसाठी अपात्र ठरवून रुग्णता निवृत्तिवेतन दिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की निवृत्तिवेतन दिलं म्हणून नोकरीचं संरक्षण नाकारता येत नाही. दुसरा भगवान दास विरुद्ध पंजाब राज्य वीज मंडळ, २००८. हा साहाय्यक लाइनमन सेवेत असताना पूर्ण आंधळा झाला. आपल्याला कायद्याने काय मिळतं हे त्याला ठाऊक नव्हतं. त्याने स्वतःच निवृत्ती मागितली आणि बायकोला काम द्यावं अशी विनंती केली. मंडळाने निवृत्ती मंजूर करून टाकली. न्यायालयाने मंडळाला फटकारलं, कारण कर्मचाऱ्याला त्याचा हक्क सांगणं हे मंडळाचं काम होतं. अजाणतेपणी केलेल्या अर्जाचा फायदा त्यांना घेता येणार नव्हता. सफरचंदांच्या पिशवीबरोबर आलेल्या कागदाला याहून नेमकं उत्तर आमच्या पाहण्यात नाही.

"तुम्ही निवृत्ती घ्या, मुलाला लावून घेऊ" हे वाक्य आजही जवळजवळ प्रत्येक घरात बोललं जातं. ते तोंडीच राहतं. कुठल्याही आदेशात, टिप्पणीत, नस्तीत ते उमटलेलं आम्ही पाहिलेलं नाही.

सही होऊन गेली असेल तर? तारीख बघायची. निवृत्ती अमलात येण्याची तारीख उलटलेली नसेल तर अर्ज मागे घेता येतो. बलराम गुप्ता खटल्यात १९८७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केलं आहे. त्याच दिवशी एका ओळीचं पत्र द्यायचं : अमुक तारखेचा स्वेच्छा सेवानिवृत्तीचा अर्ज मी मागे घेत आहे. कारणं, दिलगिरी, प्रकृतीचं वर्णन यातलं काही त्या पत्रात नको. रुग्णालयात अंगठा घेतलेला असेल तर पेशंट त्या दिवशी शुद्धीत होता का, कोणत्या औषधावर होता, याची नोंद केसपेपरवर असते. म्हणून डिस्चार्ज कार्डावर समाधान न मानता पूर्ण इनडोअर केसपेपरची प्रत मागून घ्यावी.

हे संरक्षण कोणाला लागू, हा पुढचा प्रश्न. कायद्यातली "सरकारी आस्थापना" मंत्रालयापुरती नाही. सरकारचे विभाग, कायद्याने स्थापन झालेली महामंडळं, सरकारी कंपन्या, स्थानिक स्वराज्य संस्था, आणि सरकारच्या मालकीच्या, नियंत्रणाखालच्या किंवा अनुदानावर चालणाऱ्या संस्था या सगळ्या त्यात येतात. म्हणजे महापालिका आली, बेस्ट आली, एसटी आली, रेल्वे आली, राष्ट्रीयीकृत बँका आल्या आणि अनुदानित शाळाही आल्या. शाळेच्या बाबतीत संस्थाचालक "आम्ही खाजगी ट्रस्ट आहोत" असं ठामपणे सांगतात. शिक्षकांचा पगार अनुदानातून होत असेल तर ते म्हणणं टिकत नाही. अपवाद आहेत. कामाचं स्वरूप पाहून सरकार अधिसूचनेने एखाद्या आस्थापनेला या कलमातून सूट देऊ शकतं, आणि ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांतल्या लढाऊ पदांना अशी सूट दिली गेली. गणवेशातल्या नोकरीत असाल तर आधी आपल्या पदाला सूट आहे का ते तपासून मगच पुढे जावं.

दुसरा घोटाळा टक्क्यांचा. आस्थापना विभागातून ठरलेलं उत्तर येतं : "चाळीस टक्के नाही, म्हणून तुम्हाला लागू नाही." चाळीस टक्क्यांची अट आरक्षणासारख्या लाभांसाठी आहे. कलम २० मध्ये "दिव्यांगत्व" एवढाच शब्द आहे, चाळीस टक्के नाहीत. याचा फरक कुठे पडतो ते एका डोळ्याच्या उदाहरणाने कळेल. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा शाबूत असला तर प्रमाणपत्रावर ३० टक्के येतात. बसच्या चालकासाठी तो गाडीवरच्या कामाचा शेवट असतो, पण चाळीसचा आकडा मानला तर तो कुठेच बसणार नाही. म्हणून अर्जात कलम २०(४) हे कलम आणि पोटकलम दोन्ही लिहायचं, नुसतं "दिव्यांग कायद्यानुसार" असं लिहायचं नाही.

प्रमाणपत्र मात्र लागतंच. स्वावलंबन पोर्टलवर यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, अर्ज करायचा, आणि मग नेमून दिलेल्या रुग्णालयात तपासणी. मुंबईत जे. जे., केईएम, सायन, नायर, कूपर इथे हे काम चालतं. हाडं आणि अवयवांसाठी हाजी अलीची भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आणि श्रवणदोषासाठी वांद्र्याची अली यावर जंग संस्था लोकांना माहीत आहे. चाळीस टक्क्यांच्या खाली पांढरं कार्ड, चाळीस ते ऐंशीच्या मधे पिवळं, ऐंशी आणि वर निळं. इथे चूक होते ती घाईची. जखम भरायची असेल, फिजिओथेरपी सुरू असेल, तर डॉक्टर परत पाठवतात किंवा ठरावीक मुदतीचं प्रमाणपत्र देतात. तात्पुरतं प्रमाणपत्र मिळालं तर त्याची मुदत कॅलेंडरवर लिहून ठेवा. मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी ऑफिसात कोणीतरी ती तारीख शोधून काढतं. आधार कार्डावरचं नाव, सेवापुस्तकातलं नाव आणि प्रमाणपत्रावरचं नाव अक्षरशः एकच आहे का तेही पाहावं. लग्नाआधीच्या आणि नंतरच्या नावांच्या फरकात महिलांची प्रकरणं महिनोन् महिने अडकतात.

प्रमाणपत्र यायला वेळ लागतो म्हणून अर्ज थांबवायचा नाही. आमचा आग्रह असतो की पहिलं पत्र डिस्चार्जनंतर पंधरा दिवसांच्या आत गेलंच पाहिजे. एक पान पुरतं. इजा किंवा आजार कधी झाला, सध्या कुठे उपचार चालू आहेत, कोणती रजा घेतलेली आहे, आणि मग हे वाक्य, शब्द न बदलता : "मी स्वेच्छानिवृत्ती मागितलेली नाही व मागत नाही. सध्याच्या पदाचे काम करणे मला शक्य नसल्यास दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २०(४) प्रमाणे मला समान वेतनश्रेणीत व समान सेवालाभांसह अन्य पदावर, तसे पद उपलब्ध नसल्यास अधिसंख्य पदावर ठेवण्यात यावे." प्रकृतीचं रडगाणं, मुलांची शिक्षणं, घराचे हप्ते हे सगळं खरं असतं, पण पत्रात नको. ते वाचून साहेबांना दया येते आणि फाइल दयेच्या मार्गाने जाते. आपल्याला ती हक्काच्या मार्गाने न्यायची आहे.

पत्राच्या दोन प्रती. एक आवक टेबलावर द्यायची, दुसरीवर पोच घ्यायची. पोच म्हणजे गोल शिक्का नव्हे. नुसता शिक्का मारून, त्यातल्या तारखेचा आकडा अस्पष्ट ठेवून प्रत परत देतात. त्यावर आवक क्रमांक, दिवस-महिना-वर्ष आणि घेणाऱ्याची आद्याक्षरं पेनाने लिहिलेली हवीत. क्रमांक नसेल तर ते पत्र आवक नोंदवहीत चढलेलंच नसतं, आणि सहा महिन्यांनी "असा अर्ज प्राप्त नाही" असं उत्तर येतं. घ्यायला नकार दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्ट करायचं आणि पोहोचल्याचा ऑनलाइन अहवाल छापून पावतीला टाचायचा. मूळ कागद कधीही हातातून सोडायचा नाही. पडताळणीला मागितला तर समोर उभं राहून दाखवायचा आणि परत घ्यायचा.

यानंतर येते वैद्यकीय मंडळाची तपासणी. सगळ्या प्रक्रियेतली सगळ्यात महत्त्वाची जागा हीच, आणि लोक सगळ्यात कमी तयारीने जातात ती इथेच. आस्थापना मंडळाला पत्र पाठवते, त्यात प्रश्न असतो : सदर कर्मचारी सेवेसाठी पात्र आहे किंवा कसे? अशा प्रश्नाला उत्तर पात्र किंवा अपात्र एवढंच येणार. कायद्याला हवा असलेला प्रश्न वेगळा आहे. हा माणूस आता कोणतं काम करू शकतो? म्हणून तपासणीच्या आधीच आस्थापनेला लिहून द्यायचं की मंडळाला पाठवायच्या पत्रात हा प्रश्नही घालावा, आणि त्या पत्राची प्रत मंडळासमोर स्वतः घेऊन जायची.

अहवालाची शेवटची ओळ नीट वाचा. "वाहक पदासाठी अपात्र" आणि "सेवेसाठी कायमस्वरूपी अपात्र" या दोन ओळींत माणसाचं उरलेलं नोकरीचं आयुष्य आहे. पहिली ओळ पर्यायी पदाचं दार उघडते. दुसरी ओळ लिहिली गेली की आस्थापना थेट रुग्णता निवृत्तीचा आदेश काढते. पाय नसलेला माणूस तिकिटं फाडत बसमध्ये फिरू शकणार नाही, पण आगारात हिशेब तपासू शकतो, चौकशी खिडकीवर बसू शकतो. डॉक्टरांना हे माहीत असतं. त्यांना विचारलेलं नसतं म्हणून त्यांनी लिहिलेलं नसतं. दुसरी ओळ आलीच तर फेरतपासणीचा अर्ज लगेच करायचा आणि त्यात "कोणत्या पदांसाठी पात्र" हा एकच मुद्दा मांडायचा. रेल्वेत ही पद्धत त्यातल्या त्यात रुळलेली आहे. तिथे ए-१ पासून सी-२ पर्यंत वैद्यकीय वर्ग ठरलेले आहेत आणि वरच्या वर्गात न बसणारा माणूस खालच्या वर्गाच्या कामाला पात्र असू शकतो, हे गृहीत धरलेलं असतं. रेल्वेचे लोक त्याला "डिकॅटेगराइज झाला" म्हणतात, "संपला" म्हणत नाहीत. बाकीच्या आस्थापनांनी ही भाषा शिकावी असं आम्हाला फार वाटतं.

काम जमतं की नाही हे बघायचं, रोगाचं नाव बघायचं नाही, हा विचार मुंबई उच्च न्यायालयाने १९९७ मध्येच मांडलेला आहे. एचआयव्हीबाधित असल्यामुळे कामावर न घेतलेल्या एका हंगामी मजुराच्या प्रकरणात, एमएक्स विरुद्ध झेडवाय या नावाने तो निकाल आहे. नंतर एचआयव्हीसाठी २०१७ चा स्वतंत्र कायदा आला आणि नोकरी देण्याआधी ती चाचणी सक्तीची करायला त्याने मनाई केली.

दरम्यान माहितीचा अधिकार वापरायचा. दहा रुपयांची फी भरून साधा अर्ज. मागायचं काय ते नेमकं लिहा : माझ्या वेतनश्रेणीतल्या किंवा वेतनस्तरातल्या सर्व संवर्गांतील (म्हणजे केडरमधील) आजच्या तारखेची रिक्त पदं, संवर्गनिहाय, माझ्या सेवापुस्तकाची पूर्ण प्रत, वैद्यकीय मंडळाशी झालेला पत्रव्यवहार, कलम २१ प्रमाणे आस्थापनेने केलेलं समान संधी धोरण, आणि कलम २३ प्रमाणे नेमलेल्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा. उत्तराला तीस दिवस. नाही आलं तर त्यापुढच्या तीस दिवसांत पहिलं अपील. "मला योग्य पद का दिलं नाही?" असा प्रश्न विचारू नका, "का"ला माहिती अधिकारात उत्तर मिळत नाही. रिक्त पदांची यादी हाती आली की पर्यायी पद कुठलं ते आपणच सुचवायचं, दोन-तीन पदांची नावं घालून. समान संधी धोरण नाही, तक्रार निवारण अधिकारी नेमलेला नाही, असं लेखी उत्तर आलं तर तो कागद जपून ठेवा. पुढे प्रत्येक ठिकाणी तो लागतो.

अधिकारी नेमलेला असेल तर पहिली तक्रार त्याच्याकडे. सरकारी आस्थापनेत ही नेमणूक सक्तीची आहे, तक्रारींची नोंदवही ठेवणं सक्तीचं आहे आणि नोंद झाल्यापासून दोन आठवड्यांत चौकशी व्हायला हवी. समाधान झालं नाही तर जिल्हास्तरीय समिती. मुंबईत जिल्हे दोन, शहर आणि उपनगर. जिल्हाधिकाऱ्यांची कार्यालयंही दोन, फोर्टला आणि वांद्रे पूर्वेला. चुकीच्या ठिकाणी दिलेला अर्ज "योग्य कार्यवाहीसाठी" म्हणून दुसरीकडे पाठवला जातो आणि त्या प्रवासात ऋतू बदलतात.

याहून मोठी चूक आयुक्तांच्या बाबतीत होते. राज्याचे दिव्यांग आयुक्त पुण्याला बसतात. महापालिका, बेस्ट, एसटी, राज्य सरकार, अनुदानित शाळा यांच्याविरुद्धची तक्रार तिकडे. रेल्वे, टपाल खातं, राष्ट्रीयीकृत बँका यांना केंद्र सरकार लागू होतं, त्यांच्याविरुद्धची तक्रार दिल्लीच्या मुख्य आयुक्तांकडे. नोकरी फोर्टमधल्या बँकेत आहे म्हणून पुण्याला अर्ज धाडणारे बरेच असतात. तक्रारीला वकील लागत नाही. तक्रारदार, सामनेवाला, घटनाक्रम तारखांसह, काय हवं आहे ते, आणि कागद. घटनाक्रम तक्त्यात द्यावा : डावीकडे तारीख, मधे काय घडलं, उजवीकडे जोडपत्राचा क्रमांक. सुनावणी घेणाऱ्याला त्या एका पानावरून सगळं कळतं.

आयुक्तांच्या अधिकारांबद्दल स्पष्ट बोललं पाहिजे, कारण इथे अपेक्षाभंग होतो. साक्षीदार बोलावणं, कागद मागवणं यासाठी त्यांना दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. पण ते देतात ती शिफारस. ती मिळाल्यापासून तीन महिन्यांत आस्थापनेने कारवाई करून कळवायचं, आणि मान्य नसेल तर कारणं तेवढ्याच मुदतीत आयुक्तांना कळवून तक्रारदारालाही सांगायचं. निवृत्तीचा किंवा काढून टाकण्याचा आदेश थांबवण्याचा अधिकार त्यांना नाही. २०१० मध्ये स्टेट बँक ऑफ पतियाळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ते सांगितलं आहे. म्हणून आदेशाची तारीख डोक्यावर असेल तर आयुक्तांच्या सुनावणीची वाट बघत बसायचं नाही. राज्य सरकारी कर्मचारी असेल तर महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण, केंद्र सरकारी असेल तर केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरण. महापालिका, बेस्ट, एसटी यांच्यासाठी उच्च न्यायालयात रिट. न्यायाधिकरणात आदेशापासून एक वर्षाची मुदत आहे. तिथे जाण्याआधी खात्यातले उपाय केलेले असावे लागतात, आणि अर्ज करून सहा महिने उत्तर आलं नाही तर तिथून पुढे वर्ष मोजतात. पहिल्याच पत्रावरचा आवक क्रमांक का हवा ते इथे कळतं, सगळी मोजदाद त्याच्यापासून होते. उच्च न्यायालयात अशी मुदत लिहिलेली नाही, पण दोन-तीन वर्षं गप्प बसल्याचं कारण विचारलं जातंच.

वकिलाच्या फीपायी इथे थांबणाऱ्यांना एक गोष्ट सांगायला हवी. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे दिव्यांग व्यक्तीला मोफत वकील मिळतो आणि त्याला उत्पन्नाची अट नाही. महिला कर्मचाऱ्यांनाही नाही. प्रमाणपत्राची प्रत घेऊन उच्च न्यायालयाच्या विधी सेवा समितीकडे अर्ज करायचा.

बहुतेक प्रकरणं कोर्टापर्यंत जात नाहीत. पत्रं नीट गेली, रिक्त पदांची यादी समोर ठेवली, की आस्थापना पर्यायी पदाचा आदेश काढते. लढाईचा दुसरा भाग तो आदेश वाचण्यात आहे. आनंदाच्या भरात लोक तो न वाचताच रुजू होतात. "स्वतःच्या विनंतीनुसार" हे दोन शब्द आदेशात असतील तर रुजू होण्याआधी हरकत नोंदवा. विनंतीवरून संवर्ग बदलला की ज्येष्ठता नव्या यादीत शेवटून सुरू होते, आणि वीस वर्षांची सेवा असलेला माणूस कालच्या उमेदवाराच्या खाली जातो. आदेशात विनंती नको, कलम २०(४) हवं. "नियुक्ती" नको, "समायोजन" हवं. नियुक्ती म्हटलं की नवी परिविक्षा (प्रोबेशन) आणि नवी रजा सुरू होते, मागच्या सेवेत खंड येतो. वेतनाच्या रकान्यात मूळ वेतनाचा आकडा तोच आहे पण स्तर खालचा, असंही घडतं. पहिल्या पगारात फरक दिसत नाही, दोन वेतनवाढींनंतर दिसायला लागतो. चालकाला शिपायाच्या पदावर घालून "पगार तर तेवढाच आहे ना" म्हणणं कायद्यात बसत नाही, हुद्दाही तेवढाच हवा. रुग्णालयात आणि घरी गेलेल्या महिन्यांचं काय, हेही त्याच आदेशात मिटवून घ्या. कामावर असताना इजा झाली असेल तर विशेष विकलांगता रजेचा अर्ज वेगळा करायचा. ती न मागितल्यास साठवलेली अर्जित रजा खर्ची पडते.

त्या महिन्यांची दुसरी बाजू म्हणजे गैरहजेरीची नोटीस. मानसिक आजाराच्या प्रकरणांत ही हमखास येते, कारण तिथे प्लास्टर नसतं, काठी नसते, दिसतो तो फक्त हजेरीपटावरचा तांबडा शेरा. २०२१ च्या रवींद्रकुमार धारिवाल निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे की मानसिक दिव्यांगत्वाशी जोडलेल्या वर्तनाबद्दल शिस्तभंगाची कारवाई करणं हा भेदभावाचाच एक भाग ठरतो. दोषारोपपत्राला उत्तर देताना घरच्यांनी आजार लपवू नये. लाजेपोटी "घरगुती अडचण" असं लिहिलं जातं, आणि मग वर्षभराने उपचारांचे कागद काढले तर ते बनाव वाटतात.

पद मिळालं तरी तिथे बसता आलं पाहिजे. कायद्यात याला रिझनेबल अकोमोडेशन म्हणतात, म्हणजे वाजवी सोय, आणि ती नाकारणं हाही कायद्याच्या व्याख्येप्रमाणे भेदभावच आहे. "योग्य त्या सुविधा द्याव्यात" असं मोघम मागितलं तर काहीच येत नाही. वस्तू आणि जागा सांगा. टेबल तळमजल्यावर. संगणकावर एनव्हीडीए. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारं हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आयटी विभागाने फक्त टाकायला परवानगी द्यायची असते. नऊची हजेरी साडेदहाला, कारण कल्याणहून किंवा विरारहून येणाऱ्या माणसाला सकाळच्या गर्दीत दिव्यांगांच्या डब्याच्या दारापर्यंत पोहोचणंसुद्धा जमत नाही. तेवढा वेळ तो संध्याकाळी भरून देईल हेही त्याच अर्जात लिहा. ज्या सोयीचा खर्च आणि पद्धत आपण आधीच सांगितली ती नाकारायला कारण लिहावं लागतं, आणि लेखी कारण देणं अधिकाऱ्यांना जड जातं.

खाजगी कंपनीतल्यांना हे सगळं जसंच्या तसं लागू नाही. कलम २०(४) तिथे पोहोचत नाही, ही कायद्यातली मोठी उणीव आहे आणि मुंबईतल्या बहुसंख्य नोकरदारांना ती भोवते. तरी हात रिकामे नाहीत. कलम ३ चा भेदभावबंदीचा सामान्य नियम आहे. समान संधी धोरण प्रत्येक आस्थापनेने करायचं असतं, आणि वीस किंवा अधिक कर्मचारी असतील तर त्यात सोयी, प्रशिक्षण, संपर्क अधिकारी यांचा तपशील द्यावा लागतो. एचआरला पहिलं पत्र लिहायचं ते त्या धोरणाची प्रत मागणारं. ईएसआयमध्ये, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नाव असेल तर तिथले अपंगत्वाचे लाभ वेगळे आहेत, नोकरीच्या वादाशी त्यांची सांगड घालू नये. राजीनाम्याच्या मसुद्यावर "फुल अँड फायनल"च्या चेकसाठी सही मागितली जाते, तेव्हा वर लिहिलेलं सगळं इथेही तसंच : सही करायची नाही, कागद घरी आणायचा, तारीख टाकून उत्तर लेखी द्यायचं.

आमच्याकडे येणाऱ्याला आम्ही सोबत एक दोन रिंगांची फाइल आणायला सांगतो. सगळ्यात वर घटनाक्रमाचं पान, मग पोच असलेली पत्रं तारखेच्या क्रमाने, मग वैद्यकीय कागद, शेवटी सेवापुस्तकाची प्रत. पर्यायी पदावर रुजू झाल्यावरही ती बंद करायची नाही. दर वर्षीच्या वेतनवाढीचा आदेश, ज्येष्ठता यादीचं आपलं नाव असलेलं पान आणि बदलीचं प्रत्येक पत्र त्यात लागत जातं. पुढची अंतिम ज्येष्ठता यादी लागली की आपला क्रमांक शोधायचा, खाली सरकलेला असेल तर हरकतीची मुदत यादीखालीच छापलेली असते.